काठीखालनं जानारी पोरं

त्येनं माजं पोरगं मोजलं, तवा मी शेनाच्या हातानं त्येच्या अंगावर धावून गेले.

खरंच गेले. आता सांगताना माजं मलाच खोटं वाटतं, कारन मी तवा कुनाम्होरं मान वर करनारी बाई नव्हते. सासऱ्यांच्या वाटंत सावलीसुदिक पडू द्यायची न्हाई, मोठ्या मानसांशी बोलायचं तर दाराआडनं. पन त्या सकाळी गोठ्यात शेन भरताना वाडीच्या तोंडाकडनं त्येचा आवाज आला, "सात... आठ... नऊ..." आन् नवाला माजा केरू वाकून म्हाताऱ्यानं आडव्या धरलेल्या काठीखालनं गेला, ते मी डोळ्यांनी बघितलं. मंग मला काय झालं ठावं न्हाई, पाटी तितंच टाकली, पदर बी डोईवर घेतला न्हाई आन् पळत सुटले.

"आवं, माजं मोजू नका! माजं मोजू नका वं आबा!"

म्हातारा बघतच राह्यला. पोरं हसाय लागली. त्येच्या घोंगड्याला माज्या हाताचं शेन लागलं.

"का गं लेकी? मोजल्यानं झिजतंय व्हय ते?"

"घटतं," मी म्हनलं. "मोजलं की घटतं."

आन् तितंच, समद्या पोरांम्होरं, रडाय लागले.

केरूच्या आदी माजी दोन गेली व्हती. येक सव्वा म्हैन्याचं, येक दीड वरसाचं, दुडूदुडू चालायचं. म्हनून तिसरं झालं तवा सासूनं त्येला सुपात घातलं आन् उकिरड्यावर नेऊन ठिवलं, शेजारनीनं उचललं, आन् मी मूठभर कोंडा दिऊन तिच्याकडनं इकत घेतलं. केरातनं आलं म्हनून केरू. आसं केलं की देवाला वाटतं, हे काय कुनाचं लाडाचं न्हाई, टाकलेलं हाय, आन् त्यो त्याच्याकडं बघत न्हाई. सासूनं मला आनखी बी सांगून ठिवलं व्हतं. त्येला न्हाऊ घातलं की गालाला काजळ लाव, गुटगुटीत म्हनू नगस, आन् काय बी झालं तरी मोजू दिऊ नगस. मोजलेलं डोळ्यात भरतं. मी त्या पोराची बोटंसुदिक कदी मोजली न्हाईत. खरं सांगते.

हे समदं मी त्या म्हाताऱ्याला हुंदकं देत देत सांगितलं. त्येनं समदं ऐकून घेतलं. मंग काठी जरा वर केली आन् म्हनला, "बरं. तुजं न्हाई मोजत. त्येला काठीच्या भाईरनं, खुंटाच्या बाजूनं जाऊ दे. बाकीची आकरा काठीखालनं." आन् पोरांस्नी वराडला, "हसताय काय रं? तुमच्या बी आया आशाच रडल्यात, तुमाला ठावं न्हाई."

त्येचं नाव आमच्या वाडीत कुनालाच ठावं नव्हतं. समदी आबा म्हनायची. मानदेशाकडचा धनगर, समदा जल्म मेंढरांमागं गेलेला. आमच्या रानात खतासाठनं मेंढरं बसवायला त्येची पोरं यायची, त्येंच्यासंगं यायचा. मंग येका वरसाला त्येचं गुडघं गेलं. पोरांनी त्येला बिरुबाच्या देवळाच्या वसरीत ठिवला, संगं येक घोंगडं आन् लोकर कातायची चाती ठिवली, आन् म्हनली, पाऊस सरला की येतो. पाऊस सरला. दुसरा बी सरला. कुनी आलं न्हाई. बाया म्हनायच्या, टाकला म्हाताऱ्याला. त्यो म्हनायचा, "मेंढरं चाऱ्यामागं जात्यात, पोरं मेंढरांमागं. त्येंचं काय चुकलं?"

लढाईचं दिस व्हतं. कोरेगावाखालच्या आमच्या त्या वाडीत चुलीगनिक येक गडी पलटनीत. आमचं ह्ये बी गेलेलं. वाडीत राह्यली म्हातारी, बाया आन् पोरं. शाळा पल्याडच्या गावात, दीड मैलावर. आदी मोठी सडक लागायची, त्येच्यावरनं सातारच्या अंगाला पलटनीच्या लॉऱ्या जायाच्या, येकामागं येक, धुरळा आसा की म्होरची लॉरी गेली का मागची आली कळायचं न्हाई. त्येच्या पल्याड ओढा. ओढ्यात सात धोंडं टाकलेलं, त्येच्यावरनं पाय टाकत जायाचं. आदल्या पावसाळ्यात वरच्या आळीचं येक पोरगं त्या ओढ्यात गेलं. घावलं ते तिसऱ्या दिशी. तवापास्नं वाडीतल्या निम्म्या पोरांची शाळा सुटली, आन् मी तर केरूला घालायचंच न्हाई म्हनून बसले व्हते.

पन ह्येंचं पत्र आलं. मी दुसरीपत्तोर शिकलेली. त्येंचं पत्र मला येका बैठकीत वाचून व्हायचं न्हाई, येक येक अक्षर लावत दोन दिस जायाचं. त्यात लिवलं व्हतं, केरूला शाळंत घाल. मी उलट लिवलं, "ओढा हाय." येवढंच लिवलं, पुढं हातच चालंना. दोन म्हैन्यांनी उत्तर आलं, "ओढा मला ठावं हाय. त्येच ओढ्यातनं मी शाळंला गेलो."

मंग घातला केरूला शाळंत.

त्येच दिसांत म्हातारा पोरांमागं जायाला लागला. कुनी सांगितलं न्हाई, कुनी इचारलं न्हाई. देवळाच्या वसरीतनं त्येला रोज पोरं जाताना दिसायची, पाटी-पिशवी घिऊन, येक म्होरं, दोन मागं, येक बाभळीखाली काटा काढत बसलेलं. येके दिशी त्यो उठला आन् पानवठ्यावर बाया व्हत्या तितं यिऊन म्हनला, "बायांनु, आमच्या शंभर मेंढरांमागं दोन मानसं आन् दोन कुत्री आसत्यात. ह्या पोरांमागं कुनीच न्हाई?"

दुसऱ्या दिशी वाडीच्या तोंडाला बाभळीचं दोन खुंट हायत, त्येच्यामधी काठी आडवी धरून म्हातारा उभा. पोरानं वाकून काठीखालनं जायाचं, त्येनं आकडा म्हनायचा. आसं वाडीपाशी येकदा, ओढ्याच्या अल्याड येकदा, पल्याड येकदा. येताना पुन्यांदा तसंच. मेंढरं वाड्याच्या कुंपनातनं सोडताना आशीच मोजत्यात म्हनं.

गडी मानसं, जी काय म्हातारी उरली व्हती ती, त्येची लय थट्टा करायची. "काय आबा, लोकर कवा कातरनार?" त्यो म्हनायचा, "औंदा लोकर न्हाई, औंदा बाराखडी." आन् चालाय लागायचा.

त्यो पोरांच्या म्होरं कदी चालायचा न्हाई, मागंच. मी येकदा दाराआडनं इचारलं, आबा, म्होरं चाला की, काय आलं तर तुमाला आदी दिसंल. तर म्हनला, "म्होरं चालनाऱ्याला रस्ता दिसतो लेकी, पोरं दिसत न्हाईत."

पोरांची नावं त्येच्या ध्यानात राहायची न्हाईत. पन चाल राहायची. "ते उजवा पाय वडतंय ते," "ते टाच टेकवत न्हाई ते." शेजारनीची सुली धा वरसांची, समद्यांत मोठी, तिला त्यो "फताफता" म्हनायचा, कारन ती तशी चालायची. तिला लय राग यायचा. सांजंला पोरं आली की त्यो समद्यांस्नी वळीनं बसवायचा आन् तळपाय बघायचा, मेंढराचं खूर बघावं तसं. काटा आसला की बाभळीच्याच काट्यानं काढायचा, वर तंबाखू दाबायचा. पोर वरडलं की म्हनायचा, "वरड. तोंड तुजं हाय, पाय माजा."

ह्याच्यावरनं त्येचं आन् मास्तरचं वाजलं व्हतं. मास्तर तापट. येकदा येका पोराला त्येनं तळपायावर छड्या दिल्या. म्हातारा शाळंच्या भाईर लिंबाखाली दिसभर चाती फिरवत बसायचा, त्येनं ते खिडकीतनं बघितलं. सरळ आत गेला. घोंगडं खांद्यावर, हातात लोकर.

"मास्तर, हातावर मारा, पाठीवर मारा. पायावर नगा मारू."

"तू कोन मला सांगनारा?"

"दीड मैल माघारी न्यायचं हाय मला ते. तुमी न्हेनार आसला तर मारा."

तवापास्नं छडी पायावर आली न्हाई, आसं सुली सांगायची.

सडकंवर लॉरी दिसली की म्हातारा घोंगडं दोन्ही हातांनी पसरून मधी उभा राहायचा आन् तोंडानं येक आवाज काढायचा, "हिर्रर्र... फिर्र!" त्यो ऐकला की पोरांनी आसल तितनं माघारी फिरायचं आन् कडंला जायाचं. इचारायचं न्हाई, बघायचं न्हाई, फिरायचं. त्येनं पयलं आठ दिस पोरांस्नी नुसतं हेच शिकवलं व्हतं. जेवताना आवाज काढायचा, खेळताना काढायचा. कुनी न्हाई फिरलं तर त्या दिशी कुनालाच पुढं जाऊ द्यायचा न्हाई. येकदा येका लॉरीवाल्यानं जोरात भोंगा वाजवला आन् वराडला, "ए बुड्ढे, हट!" म्हातारा हटला न्हाई. "मेंढरं जाऊ द्या वं," म्हनला. लॉरीवाल्यानं खाली वाकून बघितलं तर बारा पोरं, डोक्यावर पाट्या धरून चाललेली. त्येनं भोंगा बंद केला. सुली म्हनती, त्येनं सलाम ठोकला. सुलीचं काय खरं, काय खोटं.

आन् ओढ्यावर त्यो पानी चाखायचा. पोरं उतरायच्या आदी वंजळभर घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुकायचा. वरच्या डोंगरात पाऊस पडला आसला तर हितं ऊन आसताना बी पान्याला मातीची चव येती, तासभर आदी, आसं त्येचं म्हननं. दोनदा त्येनं पोरांस्नी अल्याडच बसवून ठिवलं, आन् दोन्ही बारीला लोंढा आला. तवापास्नं हसनारी गप झाली. पानवठ्यावर बाया सोता पानी चाखून बघायच्या. माज्या तोंडाला तर समदं पानी सारखंच लागायचं.

आता त्यो हितं न्हाई, ते बी सांगून टाकते. लढाई सरली त्या साली त्येची पोरं आली, मेंढरं घिऊन, बापाच्या पायावर पडली. त्यो रागावला न्हाई, रडला न्हाई, मेंढरांत जाऊन येक येकाचं खूर बघत बसला. चार दिसांनी घोड्यावर बसून गेला. काठी सुलीला दिली. सुली आता लगीन हून सांगली अंगाला गेली, पन वाडीची पोरं आजून काठीखालनंच जात्यात.

मला सांगायचं हाय ते त्येच्या आदीचं.

हस्ताचं दिस व्हतं. मी ओढ्याच्या वरच्या अंगाला आमच्या रानात गवत कापत व्हते. ऊन आसं की इळा धरवंना. डोंगराकडं काळं झालेलं, पन तिकडं रोजच व्हायचं. येवढ्यात पोरं ओढ्याकडनं पळत वर येताना दिसली, मागं म्हातारा, गुडघं धरत, लंगडत, तरी पळत.

"पळवत आनली!" त्यो लांबनंच वराडला. दम लागला व्हता. "वरनं सुटलंय. चव लागली आन् पळवली. मोजली अल्याड यिऊन. आकरा भरली!"

मी पोरांकडं बघितलं. सुली व्हती, टाच न टेकवनारा व्हता, समदी व्हती.

"आबा," मी म्हनलं, "माजं कुठं हाय?"

त्येनं पोरांवरनं डोळं फिरवलं. मंग हातातल्या काठीकडं बघितलं. लढाईत मी मरनाची तार आलेली घरं बघितली व्हती. तसलं त्येचं तोंड झालं.

सुली रडत म्हनली, "त्यो पल्याड खेकडं बघत बसला व्हता. मला वाटलं आला आसंल मागनं."

आकरा भरली व्हती. बारावं कुनी मोजायचंच नव्हतं. मी सोता तसं सांगितलं व्हतं, शेनाचं हात घिऊन, रडून, समद्यांम्होरं.

मी कशी पळाले, इळा कुठं टाकला, काय आठवत न्हाई. काठावर आले तर केरू ओढ्याच्या मधी. चौथ्या धोंड्यावर. गळ्यात पिशवी, दोन्ही हातांनी पिशवीच धरलेली. आमच्या अंगाचं तीन धोंडं पान्याखाली गेलं व्हतं, पानी लाल, वरनं घुमत यायला लागलेलं. पल्याडच्या अंगाला पात्र उथळ, तिकडचं धोंडं आजून वर व्हतं. मी तोंड उघडलं, "के—"

म्हाताऱ्यानं घोंगड्याचा बोळा माज्या तोंडावर दाबला.

"हाक मारू नगस! तुजी हाक ऐकली की ते तुज्याकडं उडी टाकंल. पिल्लाला आय दिसली की पानी दिसत न्हाई. बस खाली. दिसू नगस त्येला."

मी बसले. निरगुडीच्या जाळीआड बसले, घोंगडं दातात धरून. लोकरीचा वास, तंबाखूचा वास. माजं पोर धा हातांवर "आयेऽ, आयेऽ" करत व्हतं आन् मी गप बसले व्हते. ह्याच्याम्होरं दुसरं काय सांगायचं? दोन पोरं पुरली मी, पन तवा बी इतकं कठीन गेलं नव्हतं. ती मला हाका मारत नव्हती.

म्हातारा काठावर उभा राह्यला आन् त्येनं आवाज काढला. "हिर्रर्र... फिर्र!"

केरूनं रडनं थांबवून त्येच्याकडं बघितलं.

"हिर्रर्र... फिर्र!" आवाज तसाच. सडकंवर काढायचा तसा. भ्यालेला न्हाई, घाई न्हाई.

केरू फिरला. घराकडं पाठ केली त्येनं. पाचवा धोंडा. थांबला. मी घोंगडं चावलं. साव्वा. सातवा. मंग गवत. मंग तिकडच्या काठावर चढला आन् तितं उभा राहून पुन्यांदा भोकाड पसरलं. जरा येळानं वरनं येक आख्खी बाभळ आली, मुळासकट, आन् चौथ्या धोंड्यावरनं गेली.

म्हातारा मटकन् खाली बसला. "आता मार हाक," म्हनला.

मला हाक येईना.

पल्याड मास्तर धावत आला. पानी वाढल्याचं ऐकून पोरं गेली का बघायला आला व्हता. त्येनं केरूला उचललं, कोटात घेतलं आन् वराडला, "हाय! माज्यापाशी हाय! घाबरू नका!" आन् तितंच दगडावर बसला, तापट मानूस, केरूला मांडीवर घिऊन. पानी उतरंपत्तोर उठला न्हाई. केरू म्हनतो, मास्तरनं त्येला बेरजा घातल्या, रडू ने म्हनून.

दिस कलायच्या येळंला पानी मांडीला आलं. वाडीतल्या दोघा म्हाताऱ्यांनी हिरीचा नाडा धरला, आन् आबा उतरला. त्येला नगं म्हनत व्हती समदी, गुडघ्यांकडं बघून. त्यो ऐकंल तर ना! केरूला खांद्यावर घिऊन आला, माज्या वट्यात टाकला आन् कुनाशी न बोलता गेला.

घरी सासूनं मीठ-मव्हऱ्या ओवाळल्या. मी म्हनलं, "आत्याबाई, न मोजल्यानंच मागं राह्यला त्यो." ती समदी सांज चुलीम्होरं बसून राह्यली.

सकाळी दार उघडलं तर वळचनीला त्येची काठी उभी.

मी खुंटांपाशी गेले. आकरा पोरं यिऊन उभी व्हती, पाट्या घिऊन. म्हातारा न्हाई. ऊन वर आलं. येक आय आली आन् पोराला घिऊन गेली, "चल, शेनी थापू लाग." मंग दुसरी. सुली खुंटाला टेकून रडत व्हती, तिला ठावं व्हतं, तिची शाळा सुटली की पुन्यांदा लागायची न्हाई. पोरीची कोन लावतंय? मला दिसत व्हतं, आज ही पोरं माघारी गेली की समद्यांची शाळा बुडाली, आन् बुडवनारी मी. मी येका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात केरू, आन् बिरुबाच्या देवळात गेले.

म्हातारा भितीकडं तोंड करून पडलेला.

"आबा, उठा. पोरं खोळंबल्यात."

"न्हाई लेकी. येक मागं सोडलं म्या. मागं सोडनाऱ्यानं काठी धरायची नसती. आमच्यात तशी रीत हाय."

"तुमी न्हाई सोडलं. म्या सोडाय लावलं."

"आयेनं काय बी सांगावं. राखनाऱ्यानं ऐकायचं नसतं."

"मंग आता आयेचं ऐका. मोजा माजं."

त्यो वळला. माज्या तोंडाकडं बघितलं. "तोंडानं म्हनतीयास. काळीज न्हाई म्हनतंय तुजं."

"व्हय, न्हाई म्हनतंय," मी म्हनलं. "तरी मोजा."

त्यो हलला न्हाई. येवढ्यात मागनं आवाज आला.

"आवं आबा, खळ्यावर पयलं माप कसं टाकत्यात?"

माजी सासू. डोईवर पदर, हातात काय न्हाई, तशीच चालत आलेली. गेल्या चार वरसांत ती देवळापत्तोर कदी आली नव्हती.

म्हातारा उठून बसला. "कसं म्हंजी?"

"धान्य मापताना पयल्या मापाला येक म्हनत्यात का? लाभ म्हनत्यात. लाभ, मंग दोन, मंग तीन. रास घटू ने म्हनून. येकाचा आकडा कुनाला लागत न्हाई, आन् माप तर चुकत न्हाई." तिनं केरूला म्होरं ढकललं. "ह्येला पयला घाला आन् लाभ म्हना. मोजल्यागत बी झालं, न मोजल्यागत बी झालं."

पंचापुढं खटला आल्यागत म्हातारा इचार करत व्हता. मंग म्हनला, "म्हातारे, हे आदी का सांगितलं न्हाईस?"

"आदी इचारलं कुनी?" सासू म्हनली आन् माघारी चालाय लागली.

खुंटांपाशी आलो तर सातच पोरं उरली व्हती. सुली पळत सुटली आन् घरोघर वराडत बाकीची गोळा करून आली. म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली. केरू सवईनं खुंटाच्या बाजूनं निघाला, तर त्येनं काठीच्या टोकानं त्येची पिशवी धरून माघारी वडला.

"हितनं रं गड्या. आता तू पयला."

केरू वाकला. मी डोळं झाकून घेतलं.

"लाभ," म्हातारा म्हनला.

काय झालं न्हाई. वाऱ्यानं बाभळीचा पाला हलला, येवढंच. "दोन... तीन..." आन् फताफता करत सुली गेली तवा "बारा." पोरं सडकंला लागली. म्हातारा त्येंच्यामागं चार पावलं गेला, थांबला आन् मला म्हनला, "लेकी, हितं उभी राहून काय करतीस? घरी तवा तापला आसंल."

शेनाच्या हातानं धावले त्या दिसापास्नं मी रोज त्येच खुंटापाशी उभी राहायची. पोरं सडक वलांडंपत्तोर, ओढ्यात उतरंपत्तोर, आन् दिसंनाशी झाली तरी. भाकरी करपायची, सासू वरडायची, तरी पाय निघायचा न्हाई. त्या दिशी पोरं आजून सडकंवर व्हती, केरूची पिशवी दिसत व्हती, समद्यांच्या म्होरं.

मी पदर सारखा केला आन् घराकडं वळले. भाकरी थापायच्या व्हत्या.